ध्वजानंतरचं गाणं

काळ्या चामड्याचं जाकीट, जाड टाचांचे बूट, टोपीवर लखलखणारा बिल्ला. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मोठ्या शहरांत गेली सत्तर वर्षं हा पेहराव काही माणसांची ओळख आहे. ही मंडळी स्वतःला लेदर समुदाय म्हणवतात. सुरुवातीला त्यात समलिंगी पुरुषच होते, पुढे समलिंगी स्त्रिया आल्या, आता इतरही आहेत. त्यांना बांधून ठेवतं ते पोशाखापलीकडचंही काही आहे: शरीरसुखात सत्ता आणि शरणागती यांचा, दोघांच्या संमतीने मांडलेला खेळ. या समुदायाला ध्वज आहे, संग्रहालय आहे, दरवर्षी भरणारी जत्रा आहे, स्पर्धा आहेत आणि शोकसभाही पुष्कळ झाल्या आहेत. सगळ्यांनी उभं राहून एका सुरात म्हणावं असं गीत करायचं म्हटलं, की मात्र गाडी अडते. ती कुठे आणि का अडते, हे समजून घेण्यासाठी ही प्रस्तावना.

चामडं म्हटलं की आपल्याकडे आधी जात आठवते, आणि ती आठवावीच. कातडं कमावणारा ढोर, जोडे शिवणारा चांभार यांना चामडं जन्माने चिकटवलं गेलं आणि त्यापायी त्यांना पाणवठ्यापासून लांब ठेवलं गेलं. शिकागोतला एखादा बँकेतला कारकून तेच चामडं पैसे मोजून, हौसेने अंगावर चढवतो आणि सोमवारी सकाळी खुंटीला टांगतो. या दोहोंची सरमिसळ करू नये. पण गीताच्या बाबतीत आपल्या चर्मकारांकडे सांगण्यासारखं काही आहे. संत रविदासांची, म्हणजे आपल्या रोहिदासांची, चाळीसएक पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यातलं ‘बेगमपुरा’चं पद पंजाबपासून इंग्लंडातल्या रविदासिया वस्त्यांपर्यंत स्वतःचं गीत म्हणून गायलं जातं. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात आयुष्य घालवलेल्या गेल ऑम्व्हेट यांनी २००८ साली आपल्या ग्रंथाच्या नावातच या गावाचा शोध घातला. काय आहे त्या पदात? दुःख नसलेलं, कर नसलेलं, कुणी दुय्यम-तिय्यम नसलेलं एक शहर. रापी नाही, आरी नाही, जोडा नाही. अगदी शेवटी कवी आपली जात उच्चारतो, आणि तीही मुक्त झालेल्या माणसाच्या तोऱ्यात. चामड्याचं काम करणाऱ्याने रचलेलं गीत चामड्याविषयी बोलतच नाही, हे ध्यानात ठेवलेलं बरं. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

लेदर मंडळींची कहाणी दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू होते. लाखो तरुण काही वर्षं घरापासून दूर, पुरुषांच्याच सहवासात राहिलेले. सुटका झाल्यावर त्यांतल्या काहींना गावी परतून, लग्न करून, चारचौघांसारखं होणं जमण्यासारखं नव्हतं. असे अनेकजण सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, शिकागो या शहरांत राहिले. सैन्यातली शिस्त, गणवेष आणि दोस्ती यांची सवय मोडली नव्हती; ती मोटरसायकलच्या नादात पुन्हा सापडली. १९५३च्या अखेरीस मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ पडद्यावर आला आणि त्याच्या अंगातलं जाकीट घराघरातल्या आयांच्या काळजीचा विषय झालं. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसला ‘सॅटर्स’ हा समलिंगी पुरुषांचा मोटरसायकल क्लब निघाला. शिकागोत चक रेन्स्लो या छायाचित्रकाराने त्या दशकाच्या शेवटी ‘गोल्ड कोस्ट’ हा बार लेदरवाल्यांचा अड्डा केला. त्या काळी समलिंगी पुरुष म्हणजे बायकी, नाजूक, लचकत चालणारा अशी जगाची समजूत होती. या मंडळींनी वाद न घालता आरशासमोर उभं राहून तिला उत्तर दिलं.

वाद घालणं परवडणारंही नव्हतं. पोलिसांच्या धाडी पडत, नावं वर्तमानपत्रात छापली जात, नोकऱ्या जात. म्हणून या जगाची पहिली भाषा मुकी होती. किल्ल्यांचा जुडगा कुठल्या बाजूला लटकवला आहे, आणि पुढे पँटच्या मागच्या खिशात कुठल्या रंगाचा रुमाल, डाव्या की उजव्या, यावरून माणूस कोण आणि त्याला काय हवं ते कळे. तोंड उघडायची गरज नसे. १९६४च्या जून महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकाने अमेरिकेतल्या समलिंगी जीवनावर मोठा लेख छापला तेव्हा सुरुवातीलाच सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘टूल बॉक्स’ बारमधल्या भिंतीचं भलंथोरलं छायाचित्र होतं. चक आर्नेट या नर्तक-चित्रकाराने काळ्या रंगात काढलेले धिप्पाड, एकमेकांकडे न पाहणारे पुरुष. लेखाचा हेतू सज्जन वाचकांना सावध करण्याचा होता. परिणाम असा झाला, की देशभरातल्या एकट्या पडलेल्या पोरांना कुठे जायचं त्याचा पत्ता मिळाला. १९७१ मध्ये इमारत पाडली, पण ती भिंत काही काळ रस्त्याच्या कडेला तशीच उभी होती. चित्र, वेष, खूण: या समुदायाने स्वतःबद्दल जे काही सांगितलं ते डोळ्यांना सांगितलं. कानांना फारसं काही सांगितलं नाही. गीताची अडचण इथे उगम पावते.

एक योगायोग मला फार गंमतीचा वाटतो. या जगाला त्याचं रूप ज्याच्या पेन्सिलीने दिलं तो टौको लाक्सोनेन, ‘टॉम ऑफ फिनलंड’ या नावाने जगाला माहीत असलेला चित्रकार, मूळचा पियानोवादक होता. युद्धात विमानविरोधी तोफखान्यात अधिकारी, नंतर हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत संगीताचा विद्यार्थी, पोटासाठी जाहिरातींची चित्रं आणि रात्री मेजवान्यांतून पियानो. संगीतकार सिबेलियसच्या नावाच्या शाळेत शिकलेल्या माणसाला समूहगीत म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको होतं. सिबेलियसची ‘फिनलंडिया’ ही रचना १८९९ची. रशियन सेन्सॉरला चुकवण्यासाठी ती वेगवेगळ्या नावांखाली वाजवावी लागे. लोकांना शब्दांची गरज भासली नाही, सूर ऐकून ते समजत. त्यातल्या स्तोत्रासारख्या भागाला आज गायले जाणारे फिनिश शब्द मिळाले ते चार दशकांनी, पुन्हा युद्धाच्या तोंडावर देश सापडला तेव्हा. तो आजही फिनलंडचं अधिकृत राष्ट्रगीत नाही, पण राष्ट्रगीताइतकाच मानाचा आहे. टॉमने मात्र लेदरवाल्यांना सूर दिला नाही, रेषा दिल्या. फिनलंडच्या टपाल खात्याने २०१४ मध्ये त्या रेषांची तिकिटं काढली. ज्या चित्रांसाठी एकेकाळी माणूस तुरुंगात गेला असता ती पाकिटावर डकवण्याची सोय सरकारनेच केली.

आता ध्वजाकडे येऊ, कारण गीताची कल्पना त्याच्या यशातून निघते. तो ज्याने केला तो टोनी डीब्लेझ हा माणूस कादंबरीत शोभेल असा. शिक्षणाने सस्तन प्राण्यांचा शास्त्रज्ञ. इराणमधल्या वटवाघळांवरचा त्याचा प्रबंध १९८० मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमने प्रसिद्ध केला. दुसऱ्या बाजूने तो लेदर जगातला लेखक, संपादक आणि पुढे ‘ड्रमर’ या मासिकाचा प्रकाशक. १९८९ साली न्यूयॉर्कमधल्या समलिंगींच्या स्टोनवॉल उठावाला वीस वर्षं होत होती. सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकरने समलिंगींसाठी केलेला इंद्रधनुषी ध्वज १९७८ पासून फडकत होता. आपल्या लोकांना वेगळं निशाण असावं असं डीब्लेझला वाटलं, आणि २८ मे १९८९ रोजी शिकागोत ‘इंटरनॅशनल मिस्टर लेदर’ स्पर्धेच्या मेळाव्यात त्याने ते दाखवलं. नऊ आडवे पट्टे, काळे आणि गडद निळे आलटून पालटून, मधला पांढरा, वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल बदाम. रंगांचा अर्थ विचारला तर त्याने सांगायचं नाकारलं. ज्याने त्याने लावावा म्हणाला. कुणाला विचारून केलं, अशी कुरकुर झाली. समाजाचा ध्वज एकट्याने बसून कसा काय करायचा? प्रश्न रास्त होता. पण पुढच्याच महिन्यात पोर्टलंडच्या मिरवणुकीत तो खांद्यावर घेतला गेला आणि काही वर्षांत बारच्या दारांवर, मोटरसायकलींवर, छातीवरच्या बिल्ल्यांवर सगळीकडे दिसू लागला. डीब्लेझ आणि रेन्स्लो यांनी १९९१ मध्ये स्थापन केलेलं लेदर संग्रहालय आज शिकागोच्या उत्तर भागात एका जुन्या सिनेगॉगच्या इमारतीत आहे.

ध्वज रुजला याचं श्रेय मी त्या मौनाला देतो. डीब्लेझने अर्थ सांगितला असता तर दुसऱ्या दिवशी दोन गट पडले असते. पट्ट्यांकडे बघताना एकाला निळ्यात निष्ठा दिसावी, दुसऱ्याला जुनी जीनची पँट, तिसऱ्याला काहीच दिसू नये, तरी तिघांनी एकाच कापडाखाली चालावं, ही निशाणाला मिळालेली सवलत आहे. गीताला ती नाही. गीताला पहिल्याच ओळीत तोंड उघडावं लागतं. ‘आम्ही’ म्हणावं लागतं, आणि आम्ही म्हटलं की कोण, असा प्रश्न येतो. शिवाय ध्वज एकाने धरला की हजारांचं काम भागतं. गीत प्रत्येकाला स्वतःच्या घशातून काढावं लागतं. ओठ हलवून वेळ मारून नेणारा शेजाऱ्याला लगेच कळतो.

मग इतकी वर्षं या लोकांनी गायलं काय? उसनं. आणि त्यांचं जे इतरांनी उसनं नेलं त्याचा हिशेब त्याहून मजेदार आहे. ‘जूडस प्रीस्ट’ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा गायक रॉब हॅल्फर्ड सत्तरच्या दशकाच्या शेवटी काळं चामडं, खिळे, साखळ्या घालून, मोटरसायकलवर बसून मंचावर यायला लागला. १९७९ मध्ये अमेरिकेत आलेल्या त्यांच्या अल्बमच्या नावातच लेदर होतं. जगभरातल्या पोरांनी तो वेष उचलला. तसाच वेष शहरातल्या समलिंगी बारमध्ये वर्षानुवर्षं चालत आला आहे याचा त्यांतल्या बहुतेकांना पत्ता नव्हता. हॅल्फर्डने १९९८ मध्ये टीव्हीवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं तेव्हा अनेकांना आपल्या कपाटाकडे नव्याने पाहावं लागलं. ‘व्हिलेज पीपल’ या डिस्को गटात ग्लेन ह्यूज हा मिशाळ लेदरवाला होता. त्यांचं १९७८चं ‘वायएमसीए’ आज लग्नाच्या वरातींत आणि क्रिकेटच्या मैदानांत वाजतं, आणि हातांनी अक्षरं काढणाऱ्या मावशी-काकांना त्या मिशीवाल्याशी काही देणंघेणं नसतं.

आणि गायक फ्रेडी मर्क्युरी. झांझिबारमध्ये जन्मलेला हा फारुख बुलसारा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला. तिथेच त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड काढला. स्ट्रॉबेरीच्या हंगामात पाचगणीला जाणाऱ्या किती मराठी कुटुंबांना हे ठाऊक असतं, कोण जाणे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो मंचावर काळ्या चामड्यात, बिल्ल्याच्या टोपीत दिसू लागला, आणि न्यूयॉर्कच्या ‘माइनशाफ्ट’ या लेदर बारचं नाव छापलेला शर्ट घालून त्याने एका गाण्याच्या चित्रफितीत पियानो वाजवला. सांगायचं होतं त्यांना ते कळलं. १९७७चं त्याचं ‘वी आर द चँपियन्स’ हे गाणं हरलेल्या माणसाने जिंकल्याच्या आवेशात म्हणण्याचं आहे, आणि म्हणूनच ते खेळाच्या मैदानांनी उचललं. समूहाने गाण्यासाठी लागतं ते सगळं त्यात आहे. पण ते सगळ्या जगाचं झालं. जे गाणं जग म्हणतं ते जगापासून लपून राहिलेल्यांना आपलं एकट्याचं म्हणता येत नाही. टॉम ऑफ फिनलंड ७ नोव्हेंबर १९९१ला गेला, मर्क्युरी त्याच महिन्याच्या २४ला.

गीत ‘करता’ येतं का, याबद्दल इतर समूहांचा अनुभव काय सांगतो? मुद्दाम केलेली आणि टिकलेली गीतं आहेत. इंग्लंडात मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांसाठी एथेल स्माइथ या संगीतकार बाईंनी १९१० मध्ये कूचगीताची चाल बांधली. सिसिली हॅमिल्टन यांनी शब्द मागाहून बसवले. १९१२ मध्ये दगडफेकीपायी स्माइथबाई हॉलोवे तुरुंगात होत्या. भेटायला गेलेल्या टॉमस बीचम या नामांकित संगीतसंचालकाने पुढे सांगितलं, की खाली अंगणात कैदी बायका फेऱ्या मारत ते गीत म्हणत होत्या आणि वरच्या खिडकीतून स्माइथबाई दात घासायच्या ब्रशने ताल देत होत्या. बर्लिनमध्ये १९२० साली ‘जांभळं गीत’ निघालं. शब्द कुर्ट श्वाबाखचे, संगीत मिशा स्पोलियान्स्कीचं पण टोपणनावाने, अर्पण केलेलं लैंगिकतेचे अभ्यासक मॅग्नस हिर्शफेल्ड यांना. समलिंगी लोकांचं, छातीठोकपणे आपलं म्हणून सांगणारं ते बहुधा पहिलं गीत. तेरा वर्षांत नाझी आले. हिर्शफेल्डांची संस्था लुटली, पुस्तकं चौकात जाळली, स्पोलियान्स्की लंडनला पळाला. गीत चांगलं होतं. म्हणणारेच राहिले नाहीत.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची गोष्ट. १२ फेब्रुवारी १९००, लिंकनच्या जयंतीचा शाळेतला कार्यक्रम. कृष्णवर्णीय शाळेचे मुख्याध्यापक जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी त्यासाठी ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ लिहिलं, भाऊ रोझमंड यांनी चाल लावली, पाचशे पोरांनी म्हटलं. कार्यक्रम संपला, भाऊ न्यूयॉर्कला गेले आणि गाणं विसरून गेले. पोरं विसरली नाहीत. त्यांनी दुसऱ्या शाळांतल्या पोरांना शिकवलं, मोठी होऊन शिक्षक झाली तेव्हा वर्गाला शिकवलं, आणि वीसएक वर्षांत ते साऱ्या दक्षिणेत पोहोचलं. मग कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या संघटनेने त्याला मान्यतेचा टिळा लावला. आपल्याकडेही असंच घडलं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज असलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ सहा दशकं गणपतीच्या मंडपापासून कामगार मेळाव्यापर्यंत गर्जत राहिलं. सरकारला ते राज्यगीत असल्याचं २०२३ साली सुचलं. गळ्यांनी आधी ठरवायचं, ठरावाने मागाहून. उलट क्रमाने झालेली गीतं शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर छापलेली असतात आणि पोरं दुसऱ्या पानापासून वाचायला लागतात.

लेदरवाल्यांना गळा लागला तो मरणापायी. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या पत्रिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या न्यूमोनियाची छोटी नोंद आली. पुढच्या दशकात एड्सने बारच्या बार रिकामे केले. सॅन फ्रान्सिस्कोत फॉल्सम रस्त्याच्या आसपास पुनर्विकासाचे बुलडोझर आधीच फिरत होते. त्यात शहराने समलिंगींच्या स्नानगृहांवर टाच आणायला घेतली. १९८४च्या सप्टेंबरात घरं वाचवण्यासाठी झगडणाऱ्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी रस्त्यावर जत्रा भरवली. पाहुणे ज्याला चामड्याचा उरूस समजतात त्या फॉल्सम स्ट्रीट फेअरचं मूळ भाडेकरूंच्या चळवळीत आहे. मिस्टर लेदर, मिस लेदर वगैरे स्पर्धांतले विजेते आपले पट्टे मिरवत गावोगाव फिरले ते रुग्णांच्या औषधपाण्यासाठी पैसे उभे करायला. बायका रुग्णांच्या उशाशी बसल्या, त्यांच्यासाठी रक्तदानाच्या रांगा लावल्या. लेदर गटांच्या बैठका निम्म्या शोकसभा होऊ लागल्या, आणि शोकसभेला काहीतरी म्हणावं लागतं. रुमालाची भाषा तिथे पुरत नाही.

त्याच शहरात एक गायकवृंद होता. सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस. त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरवून झालेला नव्हता. २७ नोव्हेंबर १९७८ला महापौर मॉस्कोनी आणि समलिंगी नगरसेवक हार्वी मिल्क यांना नगरभवनातच गोळ्या घातल्या गेल्या. त्याच रात्री मेणबत्त्या घेतलेल्या हजारोंसमोर, जेमतेम महिनाभर तालीम झालेल्या या मंडळींनी पायऱ्यांवर उभं राहून मेंडेल्सनचं स्तोत्र गायलं. पुढे त्यांच्यातलेच इतके गेले, की १९९३ मध्ये काढलेल्या एका छायाचित्रात मूळच्यांतले हयात असलेले सातजण पांढऱ्या शर्टात समोर बघत उभे आहेत आणि बाकीचे शंभरावर, काळ्या कपड्यांत, पाठमोरे. पाठमोरे म्हणजे मेलेले. या वृंदाने स्तोत्रं गायली, चित्रपटांतली गाणी गायली, मुद्दाम लिहून घेतलेल्या मोठ्या रचना गायल्या. लेदर समुदायाच्या गीताचा विचार करणाऱ्याने आधी इथे जाऊन बसावं असं माझं मत आहे. बारमधल्या जोशाचं गाणं लिहायला सोपं असतं आणि ते एका हंगामात शिळं होतं. ज्याच्या तालावर खांदा देता येईल असं गाणं लिहिलं तर जोशाचं आपोआप त्यात येतं. हे आपल्या शाहिरांना कुणी सांगायला लागलं नव्हतं.

‘आम्ही’चा तंटा मात्र तिथेही सुटत नाही. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘सॅमोई’ ही समलिंगी स्त्रियांची लेदर संघटना निघाली तेव्हा तिला पुरुषांच्या बारपेक्षा स्त्रीवाद्यांच्या सभांमधून जास्त शिव्या खाव्या लागल्या: सत्तेचा खेळ म्हणजे सत्तेचीच भलामण, असा आरोप. शिकागोत १९९५ मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांनी ‘ओनिक्स’ हा क्लब काढला, कारण भिंतीवरच्या चित्रांतले धिप्पाड पुरुष जवळजवळ सगळे गोरे होते. जुने लोक म्हणतात, लेदर मिळवावं लागतं, टोपी वडीलधाऱ्याच्या हातून डोक्यावर यायला हवी. नवे लोक ती इंटरनेटवरून मागवतात आणि रबर घालूनही स्वतःला लेदरचे म्हणवतात. यांतल्या कुणाच्या तोंडी कुठली ओळ घालायची? पहिल्या कडव्यात बंधू म्हटलं की निम्म्या सभेची तोंडं मिटली. ‘आम्ही पुरुष’ म्हणणारं गीत आज कुणी लिहिणार नाही, आणि सगळ्यांची नावं यादीसारखी गुंफणारं गीत कुणी गाणार नाही.

शब्दांचा एक तयार साठा आहे. न्यूयॉर्कच्या एका लेदर संघटनेने १९८३ मध्ये आपल्या उद्दिष्टांत तीन विशेषणं घातली: सुरक्षित, समंजस, संमतीचं. १९८७च्या वॉशिंग्टन मोर्चात ती फलकांवर आणि शर्टांवर झळकली आणि घोषवाक्य होऊन बसली. कायद्याला, डॉक्टरांना, भेदरलेल्या नातेवाइकांना समजावण्यासाठी ते शब्द फार उपयोगी पडले. गाण्यासाठी ते निरुपयोगी आहेत. विम्याच्या पॉलिसीवर कुणी चाल लावत नाही. संमतीसारखी मोठी गोष्ट गीतात यायची तर ती विशेषण म्हणून येऊन चालणार नाही. विचारणारा आणि हो म्हणणारा असे दोन आवाज लागतील, एकाने पुकारायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. आपल्या भारुडातली, गोंधळातली ही रीत. आफ्रिकन-अमेरिकन प्रार्थनामंदिरांत ती तिकडेही मुरलेली आहे. सत्ता आणि शरणागती यांना यापेक्षा चपखल संगीतरूप मला सुचत नाही.

राहिली चाल. इथे थोडं व्यवहाराने बोलायला हवं. अमेरिकेचं राष्ट्रगीत सुमारे दीड सप्तकात पसरलेलं आहे. वरच्या टोकाला पोहोचेपर्यंत स्टेडियममधली निम्मी माणसं हात छातीवर ठेवून गप्प झालेली असतात. आणि त्या चालीचं कूळ? अठराव्या शतकात लंडनमध्ये ‘अनॅक्रियॉन’ या दारू आणि प्रेमाच्या ग्रीक कवीच्या नावाने हौशी गायक-सभासदांचा एक पुरुषांचा क्लब होता. जॉन स्टॅफर्ड स्मिथने त्या क्लबसाठी ती चाल बांधली. १८१४ मध्ये फ्रान्सिस स्कॉट की याच्या कवितेला ती जोडली गेली आणि १९३१ मध्ये संसदेने तिला राष्ट्रगीत केलं. म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, प्याले हातात धरून म्हणायच्या गाण्यावर आज तिथले सेनापती सलाम ठोकतात. लेदरच्या मोटरसायकल क्लबांनी क्लबगीताला कमी लेखण्याचं मग काहीच कारण उरत नाही. आठ सुरांच्या आत राहणारी, सिगारेटींनी आणि सत्तर वर्षांनी खरवडलेल्या गळ्यांनाही पेलणारी, बुटाच्या टाचेवर धरता येईल अशा चालीची सुरुवात एखाद्या क्लबच्या शनिवारच्या जेवणानंतर होऊ शकते. शब्द मागाहून येऊ देत, स्माइथबाईंच्या चालीला आले तसे. त्यात चामडं असलंच पाहिजे असा हट्ट मी धरणार नाही, रोहिदासांनी धरला नाही. समिती नेमायची असलीच तर ती एवढ्यापुरतीच नेमावी, की कोणत्या पट्टीत सुरू करायचं.